फाटकावरची पाटी आणि पहाटेची फेरी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकापाठोपाठ येतात आणि त्याच क्रमाने वस्तीची दाटीही हळूहळू विरळ होत जाते. या पट्ट्यात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दिवसातून किमान दोनदा एक साधा वाटणारा प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे त्याला फिरायला कुठे न्यायचे. आणि कुत्रा भित्रा, म्हातारा किंवा अनोळखी कुत्र्यांवर धावून जाणारा असेल, तर त्या प्रश्नाला ‘शांत जागा कोणती’ असे दुसरे टोक फुटते. परदेशातील शहरांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा उद्यानाच्या नावाने दिले जाते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत ते घड्याळात शोधावे लागते, आणि तेथेही ते सरळपणे हाती लागत नाही, कारण माणसांची वर्दळ जेव्हा थांबते नेमकी तेव्हाच रस्त्यावरच्या कुत्र्यांची वर्दळ सुरू होते.

परदेशातील व्यवस्थेविषयी मराठी कुटुंबांत जे बोलले जाते, त्यात हिरवळीचे कौतुक अधिक आणि नियमांचा उल्लेख कमी असतो. लंडनमधील हॅम्पस्टेड हीथ किंवा रिचमंड पार्क येथे कुत्री मोकळी धावताना दिसतात हे खरे. पण रिचमंड पार्कमध्ये हरणांचे कळप मुक्त वावरतात आणि त्यांच्या विणीच्या काळात कुत्र्याला पट्ट्यात ठेवण्याची सूचना असते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या एका कायद्याने स्थानिक परिषदांना सार्वजनिक जागेपुरते संरक्षण आदेश काढण्याचा अधिकार दिला असून, त्याखाली अमुक मैदानात कुत्रा नेऊ नये, तमुक बागेत पट्टा सोडू नये, विष्ठा उचललीच पाहिजे, असे जागेनुसार नियम ठरतात व मोडल्यास दंड होतो. केवळ कुत्र्यांसाठी कुंपण घालून राखलेली बाग ही कल्पना तर फारशी जुनी नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७९ मध्ये सुरू झालेली ओलोनी बाग ही अमेरिकेतील अशा बागांपैकी पहिली समजली जाते. न्यूयॉर्कने याच्या जोडीला वेगळा मार्ग काढला. तेथील सेंट्रल पार्कच्या ठरावीक भागांत सकाळी ६ ते ९ आणि रात्री ९ ते १ या वेळांत परवाना व रेबीजची लस असलेल्या कुत्र्याचा पट्टा सोडता येतो, आणि उरलेल्या वेळी तीच हिरवळ पट्ट्याशिवायच्या कुत्र्यांना बंद असते. एकच जमीन दोन प्रकारच्या वापरकर्त्यांना वेळ वाटून देण्याची ही पद्धत दाट वस्तीच्या शहरातून निघाली आहे, आणि म्हणूनच उल्हासनगरचा विचार करताना रिचमंड पार्कपेक्षा तीच अधिक उपयोगी ठरते.

उल्हासनगरची जडणघडण मोकळ्या जागेच्या दृष्टीने विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैन्याचा तळ उभारला, त्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत वसवण्यात आले. ऑगस्ट १९४९ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली. लष्करी तळाचे विभाग मात्र ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ या नावांनी आजही पत्त्यात टिकून आहेत. बराकींच्या रांगांमध्ये लष्करी शिस्तीने सोडलेल्या पट्ट्या होत्या, ज्यांना आजच्या नियोजनाच्या परिभाषेत ‘खुली जागा’ म्हटले गेले असते. कुटुंबे वाढली, दुकाने आणि कारखाने घरात आले, आणि त्या पट्ट्या एकेक करून भरत गेल्या. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न येथे इतका मोठा झाला की, २००६ मध्ये राज्य विधिमंडळाला केवळ उल्हासनगर शहरातील बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि महापालिकेचे क्षेत्र जेमतेम साडेतेरा चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ३८ हजार माणसे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी असे सुचवलेले आहे. हा हिशेब उल्हासनगरला लावला, तर किमान पाच चौरस किलोमीटर, म्हणजे शहराचा एक तृतीयांशापेक्षा मोठा भाग, बाग आणि मैदान म्हणून मोकळा ठेवावा लागेल. जे शहर घरांनाच पुरत नाही तेथे हे गणित केवळ कागदावर मांडण्यापुरते आहे. प्रत्यक्षात गोल मैदान, दसरा मैदान, सपना गार्डन अशा मोजक्या जागांवर मुले, ज्येष्ठ नागरिक, सकाळी चालणारे आणि सणासुदीचे मंडप या सर्वांचा भार पडतो. अशा ठिकाणी कुत्रा घेऊन येणाऱ्याकडे पाहुणा म्हणूनही पाहिले जात नाही, अतिक्रमण करणारा म्हणून पाहिले जाते, आणि गर्दीचा विचार करता या नजरेत सर्वस्वी अन्याय आहे असे म्हणवत नाही.

शहराच्या मधून वाहणारी वालधुनी नदी हा खरे तर नैसर्गिक फिरण्याचा मार्ग ठरला असता. परदेशातील अनेक शहरांत शांत फेरीसाठी ओढ्याकाठची पायवाट निवडली जाते, कारण तेथे वाहने नसतात आणि रुंदी कमी असल्याने गर्दी साचत नाही. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगराळ भागातून येते, औद्योगिक वसाहतींजवळून जाते आणि उल्हासनगरमध्ये शिरेपर्यंत तिचे नाल्यात रूपांतर झालेले असते. २०१४ च्या अखेरीस या नदीत रासायनिक सांडपाणी सोडले गेल्यानंतर उठलेल्या विषारी वायूने उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले होते. माणूस नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतो. कुत्रा जमिनीपासून काही अंगुळांवर नाक ठेवून चालतो, पाय चाटतो आणि डबक्यातले पाणी पितो, त्यामुळे त्याच्यासाठी हा काठ घाणेरडा तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे.

अंबरनाथमध्ये याच नदीच्या काठी शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे; ते संरक्षित स्मारक आणि जागते देवस्थान असल्याने त्याचा परिसर फिरण्याच्या जागांच्या यादीतून वगळलेलाच बरा. शहराच्या कडेला मात्र पाण्याच्या दोन जागा आहेत. एक चिखलोली धरण, आणि दुसरे काकोळे गावाजवळचे जुने धरण, जे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधले व जे आजही ‘जीआयपी’ याच आद्याक्षरांनी ओळखले जाते. इंजिने गेली, कंपनीही मध्य रेल्वेत विलीन झाली, पण तलावाभोवतीची झाडी व डोंगराची पार्श्वभूमी राहिली. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अशा जागी जी शांतता मिळते ती रविवारी मिळत नाही, कारण तेव्हा सहलीला आलेल्यांच्या दुचाक्या आणि खाद्यपदार्थांच्या पिशव्या तेथे पोहोचलेल्या असतात. फेकलेली हाडे आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा या कुत्र्याच्या दृष्टीने रविवारच्या सहलीच्या सोमवारी उरणाऱ्या खुणा होत.

बदलापूर हे या तिघांतले सर्वांत मोकळे शहर आहे, आणि सर्वांत फसवेही. २०११ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपालिकेची लोकसंख्या १,७४,२२६ होती. त्यानंतर मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांनी येथे मोठ्या संख्येने सदनिका घेतल्या आणि शेतजमिनींवर संकुले उभी राहिली. संकुलाच्या भिंतीबाहेर काही वर्षे गवताळ, न बांधलेला भूखंड असतो व कुत्र्यांचे मालक तो आपलाच समजून वापरतात; पुढे त्यावर पत्रे लागतात, पायाभरणी होते आणि फेरीचा मार्ग आणखी पुढच्या भूखंडाकडे सरकतो. येथील शांत जागा ही अशी बांधकाम व्यवसायाच्या सवडीने मिळालेली जागा आहे. उल्हास नदीचा काठ त्या मानाने कायमचा आहे, पण २६ आणि २७ जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि शेकडो प्रवाशांना होड्या व हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढावे लागले, हे लक्षात घेतले तर पावसाळ्याचे चार महिने त्या काठाकडे पाठ फिरवणेच शहाणपणाचे ठरते. कोंडेश्वरचा धबधबा, भोज धरण आणि बारवी धरणाचा परिसर या जागांवरही पावसाळ्यात जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या जमावबंदीच्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, हे आदेश निघतात.

औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बांधलेल्या बारवी धरणाच्या वाटेवरचा रस्ता हा बदलापूरकरांना हाताशी असलेला सर्वांत हिरवा मार्ग आहे. तेथे शांतता आहे, सावली आहे. आणि त्या जंगलाचे स्वतःचे रहिवासीही आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला होता. तो तालुका उसाच्या शेतीचा आहे आणि बारवीचे जंगल वेगळे आहे, तरी बिबट्याच्या पसंतीत कुत्रा किती वर आहे हे त्यावरून कळते. उलट बाजूनेही प्रश्न आहेच: पट्टा सोडलेला कुत्रा भेकर, ससा किंवा जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यामागे धावतो, आणि पाळीव कुत्र्यांचे काही रोग वन्य प्राण्यांना लागू शकतात. जंगल ही शहरातल्या बागेची वाढीव आवृत्ती समजण्याची चूक परदेशातही होते, पण तेथील नियमफलक ती चूक प्रवेशापाशीच दाखवून देतात.

या सर्व जागांचा आणखी एक अडसर म्हणजे तेथे पोहोचणे. व्हिएन्नात मुसके व पट्टा लावलेल्या कुत्र्याला अर्ध्या दराच्या तिकिटावर मेट्रोने नेता येते, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत तो मालकासोबत विनामूल्य प्रवास करतो, फक्त सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावे लागते. त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाचे निवांत उद्यान हे गाडी नसलेल्या माणसाच्याही आवाक्यात असते. उल्हासनगरहून बदलापूरला कुत्रा घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढण्याची कल्पना, त्या डब्यात जो एकदा उभा राहिला आहे त्याला, गंभीरपणे सुचणार नाही. रिक्षावाला तयार झाला तर झाला, एरवी स्वतःची मोटार हवी. म्हणजे चिखलोली किंवा बारवी ही ठिकाणे गाडी असलेल्यांची, आणि बाकीच्यांसाठी गल्ली.

गल्लीतील फेरीच्या वेळा लोकलच्या वेळापत्रकाने ठरतात. सकाळी सहा-सातच्या गाडीने मुंबईकडे निघणाऱ्या घरात कुत्र्याची फेरी पहाटे साडेचार-पाचला उरकावी लागते, आणि रात्रीची फेरी परतीची गाडी, जेवण, भांडी यांच्यानंतर, म्हणजे दहा-अकराच्या पुढे. या दोन्ही वेळा माणसांच्या मानाने शांत असतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या दृष्टीने मात्र तोच कामाचा प्रहर असतो: वाहने थांबलेली, कचऱ्याचे ढीग मोकळे, हवा थंड. भटकी कुत्री हद्द राखून राहतात आणि परक्या कुत्र्याच्या वासाने एकत्र येतात. त्यामुळे पट्ट्यातला कुत्रा दर दोन-तीन इमारतींनंतर एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जातो व प्रत्येक सीमेवर नव्याने भुंकणे होते. अनुभवी मालकांच्या मनात शहराचा जो नकाशा असतो त्यात रस्त्यांची नावे दुय्यम असतात. कोणत्या दुकानापाशी काळी कुत्री व्यायली आहे आणि कोणत्या वळणावरचा बांडा अंगावर येतो, यावर त्यांचा मार्ग ठरतो.

या परिस्थितीत कायद्याने नकळत भर घातली आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले नियम असून त्यांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून, ओळखीसाठी कानाला खूण करून पुन्हा मूळ जागी सोडायचे असते. त्यांच्या २० व्या नियमात अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून, प्रवेशद्वारांपासून व जिन्यांपासून दूर, लहान मुले आणि वृद्ध जेथे कमी येतात अशा ठिकाणी ठरवाव्यात व वेळही त्यांच्या ये-जा पाहून निवडावी, असे म्हटले आहे. तरतूद माणसांच्या सुरक्षिततेसाठी योग्य आहे. तिचा परिणाम असा की, वस्तीतील सर्वांत निवांत कोपरा आणि सर्वांत निवांत वेळ ही दोन्ही भटक्या कुत्र्यांच्या जेवणासाठी राखली जातात, आणि भित्र्या पाळीव कुत्र्याच्या मालकाला नेमका तोच कोपरा व तीच वेळ हवी असते. नियम करताना ही टक्कर कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यातच ठेवण्याचा आधीचा आदेश बदलताना, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर ती मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात असे सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांतून कुत्री हटवण्याचे निर्देश आले. शाळा-रुग्णालयांच्या आवारातून त्यांना हटवताना मूळ जागी परत सोडायचे नाही असेही सांगितले गेले, त्यामुळे निवारे उभारण्याची जबाबदारी आता नगरपालिकांवर आली आहे.

शांततेची गरज ही कुत्र्याची चैन आहे असा समज असल्यास तो त्याच्या ज्ञानेंद्रियांमुळे दूर व्हावा. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत. हर्ट्झ म्हणजे ध्वनिलहरींची दर सेकंदाची कंपने. दिवाळीत पलंगाखाली शिरून थरथरणारा कुत्रा लाडावलेला नसतो, तो भ्यालेला असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, त्यामुळे मालकांना निदान फेरी सायंकाळी सहाच्या आत उरकण्याचे वेळापत्रक आखता येते, अर्थात ती वेळ पाळली गेली तर. फेरीचा दुसरा हेतू हुंगणे हा असतो. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काही दिवस वास शोधण्याचा सराव दिलेली कुत्री संदिग्ध परिस्थितीत, केवळ मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव दिलेल्या कुत्र्यांपेक्षा, अधिक आशावादी वागली. म्हणून दहा मिनिटे खेचत नेलेल्या फेरीपेक्षा एकाच वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी घुटमळलेली दहा मिनिटे कुत्र्याच्या पदरात अधिक टाकतात. आणि घुटमळण्यासाठी मागून हॉर्न वाजणार नाही अशी जागा लागते, विस्तीर्ण जागा लागतेच असे नाही.

ऋतूंचा विचार थोडक्यात. समुद्रापासून दूर असल्याने बदलापूर-अंबरनाथचा उन्हाळा मुंबईपेक्षा कडक असतो, आणि घाम मुख्यतः पंजांतूनच येणाऱ्या व धापा टाकून अंग थंड करणाऱ्या कुत्र्याला तापलेला डांबरी रस्ता दुहेरी त्रास देतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवता आली नाही, तर फेरी पुढे ढकलावी, ही साधी कसोटी पुरते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो व तो माणसालाही लागतो, म्हणून साचलेल्या पाण्यातून नेणे टाळावे आणि त्याची लस चुकवू नये. पाऊस ओसरल्यावर वाढलेल्या गवतात गोचीड वाढते, आणि तिच्या चावण्यातून रक्तात शिरणारा जिवाणू गोचीडताप आणतो.

आता उद्यानाच्या फाटकावरच्या पाटीकडे वळावे. ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही’ ही पाटी महाराष्ट्रातील सार्वजनिक बागांवर सर्रास असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने, म्हणजे १९६० च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय वैधानिक संस्थेने, फेब्रुवारी २०१५ मध्ये पाळीव व भटक्या कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रहिवासी संघटनांनी बागांतून पाळीव प्राण्यांना सरसकट वगळणे हे अदूरदृष्टीचे मानले असून, व्यायाम न मिळालेला कुत्रा अधिक भुंकतो हे कारण देत, इतरांना अडचण होणार नाही अशा वेळा आपसांत ठरवाव्यात असे सुचवले आहे. या सूचना सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत आणि मालकालाही त्यांतून सूट नाही: सार्वजनिक जागी पट्टा, वेळेवर लस, विष्ठेची विल्हेवाट. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्याकडून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणे हा गुन्हा आहे. खरे सांगायचे तर फाटकावरची पाटी लागण्यामागे कुत्र्यांपेक्षा मालकांचा हात मोठा आहे. पहाटेच्या अंधारात न उचललेली विष्ठा सकाळी चालणाऱ्यांच्या बुटाला लागते आणि पुढची तक्रार लिहिली जाते.

हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात सव्वा एकराच्या आसपासची जागा केवळ कुत्र्यांच्या बागेसाठी दिली, आणि भारतातील महापालिकांच्या दृष्टीने ते पहिल्या पावलांपैकी एक होते. उल्हासनगरमध्ये तेवढी जमीन मिळाली तर ती मुलांच्या मैदानाला द्यावी, असे कुत्रा पाळणाराही म्हणेल. तेथे आणि अंबरनाथच्या जुन्या भागात परवडणारा उपाय वेळवाटपाचाच दिसतो: उद्यानाचा एखादा कोपरा पहाटे साडेचार ते सहा आणि रात्री साडेनऊनंतर पट्ट्यातल्या, नोंदणीकृत व लस दिलेल्या कुत्र्यांसाठी खुला, बाकी वेळ बंद, आणि त्याच वेळी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा त्या कोपऱ्यापासून दूर. बहुतेक बागा त्या वेळी कुलपात असतात, त्यामुळे कोणाचा हिस्सा काढून घ्यावा लागत नाही. रखवालदाराची एक पाळी वाढते आणि दिवे लावावे लागतात. उल्हासनगरमध्ये नोंदणीसाठी नवे अधिकार शोधावे लागणार नाहीत, कारण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवरील कराची तरतूद आधीपासून आहे.

बदलापूरची गोष्ट वेगळी आहे. राज्यातील एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडाच्या आराखड्यात दहा टक्के मनोरंजनासाठी खुली जागा सोडावी लागते, आणि येथे नवी संकुले अजून उभी राहत असल्याने ही जागा कागदावर आहे, विक्रीच्या माहितीपुस्तिकांत आहे, पुष्कळदा प्रत्यक्षातही आहे. ती कुत्र्याला मोकळी असावी की नाही हे सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा ठरवू शकते. शहरपातळीवर मात्र विचारायचे कोणाला हाच प्रश्न दीर्घकाळ राहिला: अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही नगरपालिकांत २०२० मध्ये लोकनियुक्त मंडळाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला, आणि त्या काळात बागेच्या वेळा बदलून मागणाऱ्या अर्जावर वॉर्डाचा नगरसेवक म्हणून सही करणारा कोणी नव्हता.